दादाची ट्रंक आणि एकशेवीस हाडं

मागच्या दिवाळीनंतर साताऱ्याचं घर आवरायला काढलं. आई-आप्पा गेल्यापासून बंदच होतं, आता विकायचं ठरलंय. माळ्यावरून काय काय निघालं ते सांगत बसले तर दुसरी पोस्ट होईल (पितळी बंब, तीन कंदील, माझ्या आठवीच्या वह्या!). पण सगळ्यात शेवटी, कोपऱ्यातून, दादाची हिरवी पत्र्याची ट्रंक निघाली आणि आम्ही दोघं भावंडं एकदम गप्प झालो. त्यात काय आहे ते दोघांनाही ठाऊक होतं.

त्या ट्रंकेत हाडं आहेत. माणसाची.

घाबरू नका. ज्यांच्या घरात कुणी डॉक्टर झालंय त्यांना नवल वाटणार नाही. दादा १९८३ साली मेडिकलला लागला. पहिल्या वर्षाला अ‍ॅनाटॉमी, आणि अ‍ॅनाटॉमीला बोन्सचा सेट हवा. नवा परवडायचा नाही, मग सीनियरकडून जुना घ्यायचा, वर्ष झालं की ज्युनियरला विकायचा. पूर्ण सांगाडा फार महाग, म्हणून 'हाफ सेट'. म्हणजे कवटी, थोडे मणके, बरगड्या आणि एका बाजूचे हात-पाय. दादाने का कोण जाणे पुढे तो विकला नाही.

पहिल्या सुट्टीत तो ट्रंक घेऊन घरी आला तेव्हा आजीने उंबऱ्यातच अडवलं. "ते घरात यायचं नाही." बरीच वादावादी झाली. शेवटी आप्पांनी तोडगा काढला की ट्रंक मागच्या पडवीत राहील, दादा तिथेच अभ्यास करील, आणि उठल्यावर हातपाय धुऊन मग आत येईल. मी तेव्हा दहा वर्षांची. माझ्यावर पडवीत जायची बंदी होती, त्यामुळे मी अर्थातच तिथेच असायची.

माझं काम 'वायवा' घेण्याचं. ट्रंकेतून एक हाड काढायचं, दादाला डोळे मिटायला लावायचे, त्याच्या हातात ते द्यायचं. त्याने चाचपून सांगायचं, कुठलं आणि कुठल्या बाजूचं. मांडीचं हाड सोपं. त्याचा चेंडू आतल्या बाजूला, मागे उभी कड, झालं. खरी परीक्षा गळ्याशी असतं त्या हाडाची, हासळीची. ते इंग्रजी एस अक्षरासारखं वाकडं. चपटं टोक खांद्याकडे, जाड टोक छातीकडे, आणि तरीही पहिल्या महिन्यात दादा दर दोन वेळांना एकदा चुकायचा. तो मला समजावून सांगायचा की आपला अख्खा हात धडाला हाडाने फक्त इथेच जोडलेला आहे. खांद्याची फळी पाठीवर नुसती स्नायूंत तरंगते. म्हणून तर हात एवढा सगळीकडे फिरतो, आणि म्हणूनच पोर हातावर पडलं की हासळी मोडते. पायाचं उलट. खुब्याचं हाड मागे माकडहाडाच्या वर, त्रिकास्थीला, घट्ट बसलेलं, कारण सगळं वजन तिथून खाली जायचं. शास्त्रात या दोन्हींना मेखला म्हणतात, अंसमेखला आणि श्रोणिमेखला. मेखला म्हणजे कमरपट्टा, हे मला शाळेतल्या बाईंकडून कळलं आणि फार आवडलं होतं.

अजून एक आवडलं होतं. गुडघ्याच्या हाडाला आपण 'वाटी' म्हणतो ना? दादाच्या पुस्तकातलं लॅटिन नाव 'पॅटेला', त्याचाही अर्थ लहानशी थाळी. कुणी कुणाचं पाहून ठेवलेलं नाही. गुडघ्यावर हात ठेवला की भांडंच आठवत असणार सगळ्यांना. खुब्याच्या हाडाची कथा याच्या उलट. ते इतकं वेडंवाकडं की ग्रीक वैद्य गॅलेनने अख्ख्या हाडाला नावच नाही असं लिहून ठेवलं, आणि मग शेकडो वर्षं डॉक्टर मंडळी त्याला 'अनामिक हाड' असंच म्हणत राहिली.

बरं, ट्रंक उघडल्यावर दादाने विचारलं, "मोजूया का?" (तो निवृत्त अस्थितज्ज्ञ आहे, पण सवय जात नाही.) त्या मोजण्यावरूनच मला ही पोस्ट लिहायची सुचली. कारण हाडं मोजणं ही वाटते तितकी सरळ गोष्ट नाही. माणसाने हजारो वर्षं स्वतःची हाडं मोजली आणि दर वेळी आकडा वेगळा आला.

आपल्याकडचा सगळ्यात जुना आकडा ३६०. शतपथ ब्राह्मणात तो येतो, आणि तो मोजून आलेला नाही हे उघड आहे. वर्षाच्या रात्री ३६०, म्हणून माणसाची हाडंही ३६०. चरकसंहितेतही ३६०च, मात्र चरक प्रामाणिकपणे सांगतो की यात दात, दातांची उखळं आणि नखंही धरली आहेत. मला उगाचच वाटतं की आकडा आधी ठरलेला होता आणि तो भरण्यासाठी नखांपर्यंत जावं लागलं. (हे माझं मत. वैद्यमंडळींनी रागावू नये.)

मग येतो सुश्रुत. शारीरस्थानाच्या पाचव्या अध्यायात तो म्हणतो की वेदवादी लोक ३६० सांगतात, पण शल्यतंत्रात तीनशेच. मला हे वाक्य वाचून फार बरं वाटलं. आवाज न चढवता, भांडण न करता, "आमच्याकडे तीनशे" एवढंच. या तीनशेंची वाटणी अशी: हातापायांत १२०, धडात ११७, मानेपासून वर ६३.

हातापायांत १२०. म्हणजे एकेका शाखेत तीस. (हात आणि पाय यांना तो 'शाखा' म्हणतो.) पायाचा हिशेब त्याने तपशिलात दिलाय. बोटांत प्रत्येकी तीन म्हणजे पंधरा. तळवा, त्याच्या मागचा जुडगा आणि घोटा मिळून दहा. टाचेत एक. नडगीच्या भागात दोन, गुडघ्यात एक, मांडीत एक. झाले तीस. आणि हातांचंही असंच समजा, म्हणतो.

आता आजचं अ‍ॅनाटॉमीचं पुस्तक घ्या. मांडी एक, वाटी एक, पोटरीत दोन, घोट्याकडची सात, तळव्याची पाच, बोटांची चौदा. बेरीज करा. तीस! हात घ्या: दंडात एक, कोपराखाली दोन, मनगटात आठ, तळहातात पाच, बोटांत चौदा. पुन्हा तीस. दादाला मी हे फोनवर सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "थांब, कागद घेतो."

गंमत म्हणजे बेरीज बरोबर असली तरी तपशील बरोबर नाही. सुश्रुत अंगठ्यातही तीन हाडं धरतो, असतात दोनच. पण पायाच्या मागच्या भागात तो एक कमी धरतो, त्यामुळे पारडं जुळतं. हातात तर टाच आणि गुडघाही कुठून तरी आणावे लागतात, कारण "पायासारखंच" म्हटलंय. कोपराला वाटीसारखं वेगळं हाड नसतं, ते खालच्या हाडाचंच टोक असतं. म्हणजे बघा, दोन चुका एकमेकींना खाऊन उत्तर बरोबर! गणिताच्या पेपरात आमच्या बाई अशा उत्तराला शून्य द्यायच्या. पण मला वाटतं इथे असं शून्य देता येत नाही. एवढ्या जवळ अंदाजाने कुणी जात नाही. कुणीतरी बसून पाहिलेलं आहे.

कसं पाहिलं तेही त्याच अध्यायात आहे, आणि ते वाचताना अंगावर काटा येतो. सगळे अवयव शाबूत असलेलं, विषाने न मेलेलं, दीर्घ आजाराने न झिजलेलं, शंभर वर्षांचं नसलेलं प्रेत घ्यावं. आतड्यांतला मळ काढावा. मुंज गवत, साल, कुश, ताग यांपैकी कशात तरी गुंडाळून, पिंजऱ्यात घालून, वाहत्या नदीत आडोशाच्या जागी ठेवावं. सात रात्रींनी चांगलं कुजलं की बाहेर काढून वाळा, केस, बांबू असल्या कशाच्या तरी कुंच्याने हळूहळू घासत, त्वचेपासून आतपर्यंत एकेक गोष्ट डोळ्यांनी पाहावी. सुरी नाही. शिवाय पोथी आणि डोळे दोन्ही हवेत, त्यानेच ज्ञान वाढतं, असंही तो बजावतो. हाताची आणि पायाची लहान हाडं अशा कुजलेल्या देहात सुटी होऊन पडतात, सांडतात, मिसळतात. एखादं इकडचं तिकडे मोजलं जाणं अगदी समजण्यासारखं आहे.

हा सगळा हिशेब नीट लावला तो एका जर्मन मिशनऱ्याच्या मुलाने. रुडॉल्फ हर्नले, जन्म १८४१, आग्र्याजवळच्या सिकंदऱ्याचा. १९०७ साली ऑक्सफर्डहून त्याचं प्राचीन भारतीय अस्थिशास्त्रावरचं पुस्तक निघालं. चरक, सुश्रुत, याज्ञवल्क्य स्मृती सगळे पाठ समोर ठेवून त्याने एकेक हाड पडताळलं. आपल्या लोकांनी "आमच्याकडे सगळं होतं" म्हणण्यात जेवढा वेळ घालवला तेवढा मोजण्यात घालवला असता तर... असो.

एक युक्तिवाद अधूनमधून वाचायला मिळतो की नवजात बाळाला तीनशेच्या आसपास हाडं असतात, ती पुढे जुळून २०६ होतात, म्हणून सुश्रुताचा आकडा बरोबरच आहे. हाडं जुळतात हे खरं. खुब्याचं हाडच लहानपणी तीन तुकड्यांत असतं आणि ते तुकडे पौगंडात एक होतात. पण सुश्रुताच्या तीनशेंत बत्तीस दात आहेत हो! बाळाला कुठले दात? त्याची जास्तीची हाडं आली आहेत ती दातांतून, बरगड्यांजवळच्या कूर्चांतून, छातीतून. शिवाय हात-पाय जिथे अडकतात ती मेखलांची हाडं त्याने धडात घातली, आपण ती शाखांबरोबर मोजतो. १२० अधिक दोन हासळ्या, दोन फळ्या, दोन खुबे, असे १२६. राहिलेली ८० कवटी, कणा, बरगड्यांची. मिळून २०६.

तिकडे युरोपात काय चाललं होतं? गॅलेन, दुसऱ्या शतकातला. त्याला माणूस फाडायला मिळालाच नाही, तो माकडं फाडायचा. मात्र हाडांबद्दल त्याने लिहून ठेवलंय की जमलं तर अलेक्झांड्रियाला जा, तिथे खरा सांगाडा दाखवतात. नाही जमलं तर नशिबावर राहा. त्याला स्वतःला एकदा पुराने थडग्यातून वाहून आलेला सांगाडा दिसला होता, आणि एकदा रस्त्याच्या कडेला मारून टाकलेला एक दरोडेखोर, ज्याचं मांस पक्ष्यांनी साफ केलं होतं.

त्यानंतर तेराशे-चौदाशे वर्षांनी, १५३६ साली, लुव्हाँ गावाबाहेर आणखी एक दरोडेखोर लटकत होता, आणि त्याच्याखाली एकवीस वर्षांचा आंद्रेआस वेसालियस उभा होता. सोबत मित्र, गेम्मा फ्रिसियस. हाही प्रसंग वेसालियसने स्वतःच लिहून ठेवलाय. खांबावर चढून त्याने मांडीचं हाड खुब्यातून ओढून काढलं. ओढाओढीत खांद्याच्या फळ्या हातांसकट सुटून आल्या. पाय आणि हात त्याने चोरून, खेपा करत घरी नेले. छाती साखळीने बांधलेली होती, ती काही निघेना. मग संध्याकाळी वेशीचे दरवाजे बंद होताना हा मुद्दाम बाहेर राहिला आणि रात्री अंधारात जाऊन तीही घेऊन आला. सगळा सांगाडा जोडून झाल्यावर लोकांना सांगितलं, पॅरिसहून आणलाय! काय कमी होतं तेही लिहिलंय: एका हाताची बोटं, एक पाऊल आणि दोन्ही गुडघ्यांच्या वाट्या. ती त्याने दुसरीकडून मिळवली.

सात वर्षांनी, १५४३ साली, बासेल शहरात त्याचा मोठा ग्रंथ छापून झाला आणि गॅलेनच्या पुष्कळ गोष्टी माकडाच्या आहेत, माणसाच्या नाहीत, हे जगाला दिसलं. त्याचे जुने गुरू सिल्वियस भयंकर चिडले. गॅलेन मांडीचं हाड वाकडं म्हणतो आणि आता ते सरळ दिसतं, तर हल्लीच्या लोकांच्या तंग विजारींमुळे ते सरळ झालं असावं, असं त्यांनी म्हटल्याचं सांगतात. खरंखोटं देव जाणे, पण असले गुरू मी प्रत्यक्ष पाहिले आहेत.

त्याच वर्षी बासेलला वेसालियसने देहदंड झालेल्या याकोब कारर नावाच्या गुन्हेगाराचं शवविच्छेदन करून सांगाडा उभा केला. तो तिथल्या संग्रहालयात आजही आहे. एडिंबरोला विल्यम बर्कचा आहे. शरीरशास्त्राच्या वर्गाला प्रेतं पुरवण्यासाठी त्याने आणि त्याच्या साथीदाराने माणसंच मारली, म्हणून १८२९ साली त्याला फाशी झाली.

पाहिलंत ना, कोणाची हाडं आहेत ही सगळी? दरोडेखोर, फाशी गेलेले, पुरात वाहून आलेले. शास्त्राला हाडं मिळाली ती अशांचीच, ज्यांच्यासाठी कुणी भांडायला येणार नव्हतं.

आणि आपल्याकडे? १८३६ साली कलकत्त्याच्या नव्या मेडिकल कॉलेजात मधुसूदन गुप्त यांनी प्रेतावर सुरी चालवली. स्वतः वैद्य घराण्यातला, संस्कृत शिकलेला माणूस. हे फार मोठं धाडस होतं आणि त्याचं कौतुक आपण शाळेत वाचतो. पण त्याच शहरातून पुढे काय उद्योग उभा राहिला ते शाळेत वाचत नाही. जगभरच्या मेडिकल कॉलेजांना सांगाडे पुरवणारं मोठं ठिकाण म्हणजे कलकत्ता. घाटावरची बेवारस प्रेतं, नदीत सोडलेली, पुरलेली. डोम लोकांनी ती गोळा करायची, साफ करायची, आणि व्यापाऱ्यांनी पांढरीशुभ्र करून, तारांनी जोडून परदेशी पाठवायची. स्कॉट कार्नी या पत्रकाराने यावर २००७ साली लिहिलं. त्यात १९८४ या एका वर्षातला आकडा आहे, सुमारे साठ हजार कवट्या आणि सांगाडे. लहान मुलांचे सांगाडे मोठ्या संख्येने बाहेर गेल्याचा बोभाटा झाला आणि १९८५ साली सरकारने निर्यातीवर बंदी घातली. तरी २००७ साली बर्दवान जिल्ह्यात पूर्वस्थलीला पोलिसांना हाडांचा असाच एक कारखाना सापडला.

आपल्या राज्यात १९४९चा शरीरशास्त्र कायदा आहे. बेवारस प्रेत कॉलेजला देता येतं ते त्याच्या आधाराने. ते मला पटतं. डॉक्टर शिकायला हवेत, आणि हल्ली लोक आपणहून देहदान करतात, तेही वाढतंय. पण दादाची ट्रंक १९८३ची. "सेट कुठून येतात?" असं मी तेव्हा विचारलं होतं. तो म्हणाला होता, "कलकत्त्याहून." जणू रसगुल्ले.

आता आजीचं राहिलं. पडवीतल्या वायव्यात एकदा खुब्याचं हाड हातात असताना दादाने मला एक जागा दाखवली. मागच्या बाजूला एक खाच असते. ती अरुंद असेल तर पुरुष, रुंद असेल तर बाई. त्याने अंगठा घालून दाखवला, अंगठा आरामात हलत होता. "ही बाई आहे," तो म्हणाला. आणि नडगीच्या हाडावर मधोमध एक गाठ होती. मोडून जुळलेलं हाड. नीट बसवलेलं नव्हतं, किंचित वाकडं जुळलेलं. "लंगडत असेल बिचारी." मी पळत जाऊन आजीला सांगितलं. आजी तांदूळ निवडत होती. तिने हात थांबवला आणि विचारलं, "सवाष्ण होती का?"

ते हाड बघून कळत नाही, असं मी दादाला विचारून परत येऊन सांगितलं. (हातापायाचं हाडही एकीचंच असेल असं नाही, असंही तो म्हणाला होता, सेटमध्ये मिसळामिसळ असते. ते मी आजीला सांगितलं नाही.) त्या वर्षी सर्वपित्रीला आजीने पडवीच्या पायरीवर एक पान जास्तीचं ठेवलं. पुढेही ठेवत राहिली. ट्रंक घरात यायला मात्र तिने शेवटपर्यंत परवानगी दिली नाही. आजी गेल्यावरच ती माळ्यावर चढली.

तर, दिवाळीनंतर. आम्ही ओसरीवर वर्तमानपत्रं पसरली आणि मोजायला बसलो. दादाने हात-पाय मांडले. हाताची लहान हाडं नायलॉनच्या दोऱ्यात ओवलेली होती, दोरा पिवळा पडलेला. एका हाताचे तीस, फळी, हासळी, असे ३२ हवेत. एका पायाचे तीस आणि खुबा, असे ३१. एकूण ६३. वाकडी नडगी मी ओळखली, हातात घेतली, गाठीवरून बोट फिरवलं. एवढ्या वर्षांत गुळगुळीत झाली होती.

मोजणी ६१वर थांबली. मनगटातलं एक वाटाण्याएवढं हाड नव्हतं, ते नेहमीच हरवतं म्हणे. आणि गुडघ्याची वाटी नव्हती.

दादाने एका कॉलेजच्या अ‍ॅनाटॉमी विभागाशी बोलून ठेवलं होतं. ते घ्यायला तयार होते, फक्त यादी मागत होते. तो चष्मा वर करून लिहायला बसला. फीमर एक, टिबिया एक, फिब्युला एक. मग थांबला. "पॅटेला नाही. सीनियरने दिलीच नसावी," म्हणाला आणि तसं लिहिलं.

सीनियरने दिली होती. १९८४च्या मे महिन्यात अंगणात ठिकऱ्या खेळायला मला खापराचा चांगला तुकडा मिळत नव्हता. ही बरोब्बर हातात बसायची, एका बाजूने गोलसर, घसरायची छान. तिसऱ्या की चौथ्या दिवशी ती नेम चुकून मागच्या गटारीकडे गेली आणि सापडली नाही. मी खूप शोधली होती.

दादाला अजून सांगितलेलं नाही. तो हा ब्लॉग वाचतो, तेव्हा आता कळेलच. सोमवारी ट्रंक गेली.